आठवी प्लेट

मंगळवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी धाकटीने प्रयोगशाळेतला इन्क्युबेटर, म्हणजे जंतू वाढवायची ऊबदार पेटी, उघडला. सात प्लेटींवर जंतूंची दाट साय धरली होती. आठवीत, कागदाच्या टिकलीभोवती, बावीस मिलिमीटर स्वच्छ कडं होतं. म्हणजे तिथले जंतू मेले होते. आठव्या टिकलीला तेल लावलेलंच नव्हतं. ती तुलनेसाठी ठेवलेली कोरी टिकली होती.

जंतू भावोजींच्या पायाच्या जखमेतले. कुठल्याच औषधाला न जुमानणारे. दोन वर्षं ते ताईच्या तेलाने दबून होते. डोंगरावरची रानटी झुडपं आणून ती स्वतः उकळून तेल काढायची. कशाचं, हे तिने सांगितलं नाही. "नाव घेतलं की गुण जातो," म्हणायची. तीन आठवड्यांपूर्वी ती गेली, मग बाटली संपली. पाय कापायची तारीख शुक्रवारची होती. तेल सापडलं तर डॉक्टर थांबायला तयार होते. भावोजींनी आठवतील तेवढी सात झुडपं आणून दिली होती. त्यांचीच तेलं धाकटीने सात टिकल्यांना लावली होती.

प्रयोगशाळेच्या प्रमुखांना सगळे पाठीमागे मोजपट्टी म्हणत. त्यांनी चष्मा वर केला.

"एकाच पेटीत ठेवल्यास ना सगळ्या? तेलाची वाफ पसरते, बाई. कोरीला शेजाऱ्यांची लागली."

"शेजारी सातही नापास, सर. मग ही कुणाची कॉपी करून पास झाली?"

दुपारी मोजपट्टींनी कोऱ्या टिकल्यांचं नवं पाकीट फोडलं आणि वरच्या मजल्यावरच्या पेटीत एकच कोरी प्लेट स्वतःच्या हाताने ठेवली. बुधवारी दुपारी कडं पंचवीस मिलिमीटर भरलं. त्यांनी झाकण उचललं, वास घेतला आणि झाकण पुन्हा लावलं. धाकटीने तो वास ओळखला. ताई भट्टीपासून उठून आली की तिच्या केसांना यायचा.

तिने फोन लावला.

"भावोजी, एखादं झुडूप राहिलंय का?"

"एक राहिलंय. ते तोडताना ती मला पाठ फिरवून उभं करायची."

"आणि तुम्ही राहायचात?"

"अगं धाकटे, तुझ्या बहिणीपुढे कुणाची टाप होती?"

"उद्या दोघं जाऊन शोधू."

"तू नको येऊस," भावोजी म्हणाले. "दोघं आहोतच आम्ही."

गुरुवारी मोजपट्टींनी अहवाल लिहिला. कोरी टिकली कडं धरत असेल तर चाचणी रद्द, असा नियम आहे. त्यांनी तेवढंच लिहिलं. खाली सही केली.

शुक्रवारी नऊला शस्त्रक्रियेची खोली तयार होती. भावोजी आले नव्हते. शेजारीण म्हणाली, घराला बाहेरून कुलूप आहे. त्यांच्या घरातला फोन धाकटी सारखा लावत होती. पावणेदहाला तो उचलला गेला. पलीकडे ताईच्या भट्टीवर खदखदायचं तसं पाणी खदखदत होतं.

दहा वाजता डॉक्टरांनी दुसरा रुग्ण आत घेतला.