कुणालाच नको असलेलं सोनोग्राफी मशीन

मित्रांनो, मी एक जुनं, तडा गेलेलं सोनोग्राफी मशीन आहे. मालवणच्या बाजूला एका इस्पितळात, नवजात बाळांच्या खोलीबाहेरच्या कपाटात पडून आहे. माझी कहाणी गोड नाही, हे आधीच सांगते.

एका कारखान्यात माझे सुटे भाग जोडले गेले. दहा वर्षं मी कोल्हापुरात लोकांच्या पोटातले खडे शोधले. मग फोंडाघाट उतरून, जीपमध्ये गचके खात इथे आले. आल्या दिवसापासून सगळ्यांच्या कपाळावर आठ्या. मुलगा की मुलगी हे चोरून सांगणाऱ्या माझ्या भाईबंदांनी आमच्या जातीचं नाव बदनाम केलं आहे. त्यामुळे मलाही कुलूप, शिक्के, सह्या. चोरासारखी वागणूक!

मला हात लावला तो फक्त डॉक्टर संचितांनी. त्या मला बाळांच्या छातीवर फिरवत. मोठे डॉक्टर निलेश सामंत हसले होते. "फुप्फुसात हवा असते. हवेत ह्या डब्याला काय दिसणार? एक्स-रे आहे ना!"

पण मला दिसायचं. ओल्या, आजारी फुप्फुसात पांढऱ्या उभ्या रेघांची दाटी होते. फुप्फुस सुधारलं की ती विरळ होते आणि आडव्या रेघा उमटतात. शिवाय माझ्यातून किरणं निघत नाहीत. रोज पाहिलं तरी बाळाला इजा नाही.

तेव्हा आचऱ्याच्या अस्मिताचं बाळ आलं. सातव्या महिन्यातच जन्मलेलं, किलोभरही नसलेलं. नाकातल्या नळीतून दाबाने हवा दिली, तरच ते श्वास घेई. महिना झाला. सामंत म्हणाले, "एक्स-रे बरा आहे. उद्या नळी काढा."

संचितांनी मला फिरवलं. दोन्ही बाजूंना पांढऱ्या रेघा गच्च होत्या.

"सर, फुप्फुसं अजून ओली आहेत. थांबू या."

"पंचवीस वर्षं बाळं बघतोय मी. मला शिकवू नका!" असं म्हणून त्यांनी माझी वायर भिंतीतून उपटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळी निघाली. दुपारी बाळ निळं पडलं. धावाधाव झाली, नळी परत लागली, बाळ वाचलं. चूक कुणी कबूल केली नाही. उलट सामंत बाळाच्या आजीला, सुभद्राबाईंना म्हणाले, "सारखं मशीन लावून बाळाला दमवलं."

संचिता मला घेऊन आल्या तेव्हा सुभद्राबाई आडव्या आल्या. "बाजूक हो गो! ह्यां मशीनच माझ्या नातवाक बाधलां!" त्यांनी संचितांच्या हाताला हिसका दिला. छातीवर टेकवायचा माझा दांडा फरशीवर आपटला. तडा गेला. तेव्हापासून माझ्या चित्रात मधोमध एक काळा पट्टा असतो.

अस्मिता भिंतीशी उभी होती. सासूपुढे तोंड न उघडणारी. ती म्हणाली, "नळी मशीनान काढूक नाय, आये. तेंका बघूक दे."

सुभद्राबाईंनी पाठ फिरवली. पुढे महिनाभर त्या सुनेशी बोलल्या नाहीत.

दांड्याला पारदर्शक आवरण चढवून, काळ्या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंनी संचिता पाहत राहिल्या. तीन आठवड्यांनी पांढरी दाटी ओसरली. त्यांनी कागदावर लिहिलं, 'आता नळी काढायला हरकत नाही.' सामंतांनी माझ्याकडे न बघता सही ठोकली. नळी निघाली. या वेळी बाळ निळं पडलं नाही. ते रडलं. केवढ्या मोठ्याने रडलं!

घरी निघताना सुभद्राबाई मला वळसा घालून गेल्या. अस्मिता मात्र थांबली. दांड्यावर वाळलेला, तपासणीआधी लावायचा चिकट जेल तिने ओल्या फडक्याने पुसला आणि निघून गेली.

मग संचितांची बदली झाली. नवा दांडा मागवण्याचा त्यांचा अर्ज सामंतांच्या टेबलावर अजून तसाच आहे, असं सुगंधा सिस्टर म्हणतात.

मित्रांनो, माझ्यावर माया करू नका. शिव्या द्या हवं तर. पण मला दुरुस्त करा, आणि माझं चित्र वाचायला कुणालातरी शिकवा. पलीकडच्या खोलीत आत्ता दोन बाळं काचेच्या पेटीत आहेत. त्यांची धाप मला इथे ऐकू येते. दिसत मात्र काहीच नाही.