तीनदा झालेली मोजणी

पिंपळगाव रेणुकाईच्या कचरूला इस्रायल आणि पॅलेस्टाइनचं भांडण मिटवायला दोन दिवस पुरेसे होते. मोबाइलवर पडलेली घरं आणि रडणारी लेकरं बघून त्याचा जीव कळवळायचा, आणि जीव कळवळला की त्याला सल्ला सुचायचा. चहाच्या टपरीवर त्याने तो जाहीर केला. "तालुक्याचा मोजणीवाला पाठवा तिकडं. हद्द लावायची, खुणेचे दगड रोवायचे. बिलकुल झंझट न्हाई."

मेंढपाळ आबारावाने बशीतल्या चहावर फुंकर मारली. "कचरूभाऊ, तुमच्या अन् सर्जेरावच्या बांधाची मोजणी तीनदा झाली. सख्खे भाऊ तुम्ही. अकरा वर्षांत एकमेकांशी बोलले का?"

टपरीवर हशा पिकला. कचरूचं तोंड एवढंसं झालं, आणि बोलू नये ते तो बोलून गेला. "ज्याला सातबारा न्हाई, त्यानं जमिनीचं बोलू नये."

आबाराव अर्धा चहा टाकून उठला.

दर उन्हाळ्यात आबारावाची मेंढरं चार रात्री कचरूच्या रानात बसायची. लेंड्यांचं खत रानाला मिळायचं आणि तेवढे दिवस आबारावाची भाकरी कचरूच्या घरची, असा बापजाद्यांपासूनचा रिवाज होता. यंदा मेंढरं आली, पण बांधापलीकडे, सर्जेरावच्या रानात! खत गेलं याचा राग होताच. पण तीस वर्षांचा दोस्त पलीकडे जाऊन बसला, हे जास्त झोंबलं. खोटं कशाला बोला, कचरूला रडू यायचं तेवढं बाकी होतं.

दुसऱ्या दिवशी दिवस कलताना बायकोने, द्वारकाबाईने, भाकरी-ठेचा बांधून त्याच्यापुढे ठेवला. "नेऊन द्या."

"मेंढरं आपल्या रानात न्हाईत."

"आबाराव तर आपला हाये ना?"

तेवढ्यात लेक मीना मोबाइल घेऊन आली. "अण्णा, हे बघा." व्हिडिओत दोन बाप शेजारी बसले होते, एक इस्रायलचा, एक पॅलेस्टाइनचा. दोघांच्याही लेकी त्या भांडणात गेलेल्या. आता दोघं मिळून फिरत होते आणि भेटेल त्याला सांगत होते, पुरे झालं.

कचरूने ते पुन्हा एकदा लावायला सांगितलं. "मंग त्यांच्या हद्दीचं काय ठरलं?"

"काहीच न्हाई ठरलं."

"अन् तरी शेजारी बसले?"

मीनाने मान डोलावली. कचरूने भाकरीचं गाठोडं उचललं.

अकरा वर्षांनी त्याने बांध ओलांडला. पलीकडे आबाराव आणि सर्जेराव बसले होते. त्याला येताना बघून सर्जेरावने सवयीने आधी खुणेचा दगड जागेवर आहे ना, ते पाहून घेतलं.

"द्वारकानं पाठवली," म्हणत कचरूने गाठोडं सोडलं. मग ठेच्याकडे बघत म्हणाला, "सातबाऱ्याचं बोललो ते चुकलं."

"ठेच्याला सांगून राह्यले का मला?" आबाराव म्हणाला, आणि त्याने भाकरीचे तीन वाटे केले.

दोन घास झाल्यावर कचरूने खाकरून घेतलं. "बांधाचं माझं म्हणणं तेच हाये."

"माझंबी तेच हाये, दादा," सर्जेराव म्हणाला.

अकरा वर्षांनी 'दादा' ऐकून कचरूचे डोळे भरून आले. ठेचा लई तिखट झालाय, असं त्याने सांगितलं.

आबारावाने हात झटकले. "मंग आज मेंढरं कुठं बसवू?"

भावांनी एकमेकांकडे पाहिलं.

"बांधावरच बसव," कचरू म्हणाला. "बसू दे हिकडं-तिकडं."

"पण कुणाकडं किती बसली," सर्जेराव म्हणाला, "ते मोजायचं न्हाई."