मावशीच्या कोपऱ्यातलं पाणी

"गोचीड जरा ऐसपैस काढ. आठही पाय मोजता आले पाहिजेत," साहेब पेंटरला सांगत होते.

प्राणिसंग्रहालयाच्या 'कोण किती खातं?' या नव्या पाटीच्या डाव्या अर्ध्यात मॅनाटी ही पाणगाय, म्हणजे टाकीतली मावशी, रंगून झाली होती. खाली मजकूर: वजन चारशे किलो, रोज चाळीस किलो पाला. गोचिडीखाली: तिळाएवढी, एकदा रक्त प्यायली की महिनोन्‌महिने उपाशी.

"बघा काका, काटकसर म्हणतात ती ही!" साहेब हसले.

बावीस वर्षं मावशीला भरवणारे काका हसले नाहीत. "साहेब, तीन दिवस तिनं तोंड उघडलेलं नाही. पाणी गार आहे."

"सव्वीस आहे. मी स्वतः बघितलंय."

बघितलं होतं, हे खरं. बूट भिजू नयेत म्हणून साहेबांनी थर्मामीटर दाराजवळ हलवून घेतला होता, नेमका गरम पाण्याच्या नळाखाली. मावशी पडायची पलीकडच्या कोपऱ्यात. तिथं काका रोज कोपर बुडवून बघायचे, बाळाच्या अंघोळीचं पाणी बघतात तसं. पण कोपराची नोंद कोण धरतो?

"विसाच्या खाली ती जगत नाही, साहेब!"

"तुमच्या कोपराच्या भरवशावर बॉयलर वाढवू?"

काकांनी थर्मामीटर उपटला आणि कपड्यांनिशी टाकीत उतरले. छातीभर पाण्यातून कोपरा गाठला, थर्मामीटर बुडवून धरला. "पेंटर, इकडे ये. तूच वाच."

पेंटर काठावर वाकला. "सतरा."

"काका, आधी बाहेर या! हा काय तमाशा—"

"तमाशा तुमच्या पाटीवर चाललाय! ही आयुष्यात कुणाला चावली नाही. पाला खाते, गप्प पडते. आणि ती गोचीड दुसऱ्याच्या अंगावर बसून फुगते, तिचं कौतुक! इथं कोण कुणाच्या जातीचं, ते सांगू का मोठ्यानं?"

साहेब लाल झाले. कुणीही न सांगता पेंटरनं जाऊन बॉयलरचा खटका वर केला.

चारशे किलो ढकलणं काकांच्या आवाक्यातलं नव्हतं. त्यांनी नुसता तिच्या पोटाखाली हात ठेवला आणि नळाकडे चालू लागले. बऱ्याच वेळानं ती हलली. नळाखाली तासभर ऊब घेतल्यावर तिनं एक पान ओठांत धरलं.

दुपारी काकांना मेमो मिळाला: विनापरवानगी टाकीत उतरल्याबद्दल. त्या कार्यालयात बाकी कागद हरवायचे, मेमो कधीच नाही. काकांनी सही केली. मग सहीखाली, ओळ सरळ ठेवून, लिहिलं: सकाळी दहा वाजता कोपऱ्यात पाणी सतरा.