चौसष्टच्या आत

"बाबा, पंधरा दिवस या. शर्यतीला माणसं कमी पडताहेत," असा लेकीचा फोन आला. निवृत्त मास्तरला तिकीट पाठवून परदेशी बोलावतात म्हणजे काम तोलामोलाचं असणार, म्हणून मी नवा कोट शिवला. काम निघालं घोड्याच्या पुढच्या पायामागे स्टेथोस्कोप लावून ठोके मोजायचं. कोट पहिल्याच दिवशी एका घोड्याने चाखून पाहिला.

शर्यत ऐंशी किलोमीटरची. दर वीस किलोमीटरला थांबा. थांब्यावर आल्यापासून वीस मिनिटांत घोड्याचे ठोके चौसष्टवर उतरले पाहिजेत, नाहीतर बाद. ते उतरेपर्यंत शर्यतीचं घड्याळही चालूच. म्हणून शहाणे स्वार शेवटचा अर्धा किलोमीटर खाली उतरून, घोड्याशी गप्पा मारत चालत येतात. दुसरीतल्या पोराला हे एका बैठकीत समजतं. आमच्या जावईबापूंना वर्षभरात समजलं नव्हतं, कारण ते वर्ष हेल्मेट आणि बूट निवडण्यात गेलं होतं.

दुसऱ्या थांब्यावर जावईबापू भरधाव आले. छातीवर कॅमेरा, मागे धुळीचा लोट.

"बाबा, पहिला आलो!"

"आलात खरे. घोडी अजून यायचीय," मी म्हटलं. तिचे ठोके चौऱ्याऐंशी होते.

त्यांनी घोडीवर पाणी ओतलं, कॅमेऱ्याला माहिती दिली, घोडीला "शांत हो, शांत हो!" असं ओरडून सांगितलं. दहा मिनिटं झाली. ठोके शहात्तर.

"तुम्ही जरा त्या झाडापर्यंत फिरून या," मी म्हटलं.

"मी काय केलं?"

"काहीच नाही. तेच तिकडे जाऊन करा."

ते गेले. घोडीने मान खाली टाकली, एक लांब श्वास सोडला. सत्तर. सदुसष्ट. पासष्ट. सतरा मिनिटं झाली होती. एवढ्यात जावईबापू धावत परत आले, "उतरले का? उतरले का?" आणि त्यांनी तिच्या तोंडासमोर कॅमेरा धरला.

विसाव्या मिनिटाला सहासष्ट.

ते वाकून कुजबुजले, "बाबा, चौसष्ट लिहा ना. दोन ठोक्यांनी कुणाचं काय बिघडतंय? घरचीच माणसं आपण."

"घरचे आहोत म्हणूनच सांगतो. अजून चाळीस किलोमीटर पळायचंय ते तुम्हाला नाही, हिला."

"लेकीच्या घरी राहून जावयाला नापास करताय?"

"शाळेत मुख्याध्यापकांच्या मुलाला केलंय. तुमचे बूट त्याच्यापेक्षा चांगले आहेत, एवढं मात्र मान्य."

अजून आठ दिवस त्यांच्याच घरी जेवायचं होतं. तरी मी कार्डावर सहासष्ट लिहिलं.

लेक शर्यतीची व्यवस्थापक. तिने कार्ड वाचलं, नवऱ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि "बाद" असा शिक्का मारला. म्हणाली, "खोगीर उतरव. आणि तो कॅमेरा बंद कर आधी."

जावईबापूंनी कॅमेरा बंद केला. घोडीचा पट्टा सोडून खोगीर उतरवलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाबा, ते ठोके नक्की कुठे ऐकू येतात?"

मी स्टेथोस्कोप त्यांच्या कानात घातला आणि त्यांचा हात धरून योग्य जागी नेला.

"आता बोलू नका," मी म्हटलं.