एक्केचाळीस नंबरचं रक्त

आमच्या इलोरिन शहरातल्या प्रयोगशाळेत संशोधनाच्या रक्ताला नाव नसतं, नंबर असतो. नावांची वही प्राध्यापक ओयेलारान यांच्या कपाटात, कुलपात. मधुमेह्यांच्या रक्तात मॅग्नेशियम कमी पडतं आणि म्हणून साखर वापरणारी एन्झाइम्स मंदावतात, असं त्यांचं म्हणणं होतं. साठ जणांचं रक्त तपासायला मी एकटी.

पहिल्या चाळिसांनी प्राध्यापकांचा शब्द खाली पडू दिला नाही. एक्केचाळिसाव्याचं मॅग्नेशियम मात्र भलतंच चढलेलं निघालं. घाईने रक्त ओढलं की असं होतं. तांबड्या पेशी फुटून त्यांच्यातलं मॅग्नेशियम बाहेर येतं. पण मग नळीतलं वरचं पाणी लालसर दिसतं. हे स्वच्छ पिवळं होतं. मला ते दिसलं होतं, आज कबूल करते. पुन्हा तपासायचं तर रसायन संपत आलेलं, वीज कधी जाईल त्याचा नेम नाही, आणि प्राध्यापकांची बोलणी कोण खाणार? 'पेशी फुटल्या' असा शेरा मारून मी नंबर खोडला.

आठ महिन्यांनी फाटकापाशी अकारा, म्हणजे चवळीचे वडे, तळणारी इया असाबी, असाबीची आई, दिसेनाशी झाली. संशोधनासाठी तिनेही रक्त दिलं होतं. दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली, असं कळलं. मूत्रपिंडं थकली की मॅग्नेशियम रक्तात साचतं, हे आमच्याकडे पहिल्या वर्षाच्या मुलांनाही पाठ असतं. प्राध्यापकांना वही उघडायला लावली. एक्केचाळीस म्हणजे तीच.

त्यांनी वही पुन्हा कुलपात ठेवली. मग माझं नाव घेऊन म्हणाले, "सिदिकात, लेख छापून झालाय."

वॉर्डात तिची मुलगी असाबी उशाशी बसली होती. मला बघून तिने नमस्काराच्या रीतीप्रमाणे गुडघे टेकले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आंटी, गेल्या वर्षी पाय सुजले तिचे, तर मी म्हटलं, दिवसभर उभी असतेस, सुजणारच," ती म्हणाली. "तेव्हाच आणायला हवं होतं. तुम्ही रक्त घेतलंत, त्यात काही दिसलं होतं का हो?"

खरं सांगायलाच मी आले होते.

"नाही गं," मी म्हणाले.

"म्हणजे माझंच चुकलं," असाबी म्हणाली, आणि आईचे पाय चेपू लागली.