देवणीत अपराजित

देवणीत मी अकरा वर्षांत बुद्धिबळाचा एकही डाव हरलेलो नाही. देवणी ही माझी सासुरवाडी. दर दिवाळीला सासरे अमृतराव, म्हणजे माझे मामा, पट मांडतात, आम्ही तीन डाव खेळतो आणि तिन्ही मी जिंकतो. मामा हनुवटी खाजवत पटाकडे बघतात आणि म्हणतात, "जावईबापू, तुमच्यापुढं आमचं काय चालतंय." तेवढ्या एका वाक्यावर मी नायगावात वर्षभर ताठ मानेनं फिरायचो. व्हॉट्सॲपवर माझ्या नावाखाली 'देवणीत अपराजित' असं लिहिलेलं होतं, आणि ते मी स्वतःच लिहिलं होतं.

नायगावच्या एका शाळेत मी गणित शिकवतो आणि बुद्धिबळाचा वर्ग घेतो. माझं दुखणं एकच. मामा मला हुशार म्हणायचे, खेळाडू कधी म्हणाले नाहीत. त्या घरात खेळाडू म्हणजे माझा मेहुणा भागवत. तो आधी कुस्ती खेळायचा, आता देवणी जातीचे वळू सांभाळतो, आणि वळू त्याला बिचकून असतात. मलाही एकदा मामांच्या तोंडून खेळाडू म्हणवून घ्यायचं होतं. चाळिशी उलटलेल्या, पोट सुटलेल्या माणसाला असं वाटणं शोभत नाही, पण वाटत होतं.

म्हणून मी रणबुद्धिबळ काढलं. मैदानावर चुन्याच्या फक्कीनं चौसष्ट घरं आखायची आणि सोंगट्यांच्या जागी माणसं उभी करायची. चाली बुद्धिबळाच्याच, फक्त समोरच्याला मारायचं तर लढून मारायचं. प्रत्येकाच्या हातात पाइपला फोम गुंडाळून केलेली तलवार. जो आधी तीन फटके देईल त्याचं घर, दुसरा मैदानाबाहेर. राजालाही सूट नाही, त्यानंही लढायचं, आणि तो पडला की डाव संपला. डोकं आणि अंग दोन्ही लागणारा खेळ, असं मी सगळ्यांना सांगत सुटलो. डोकं माझ्याकडे होतंच, अंगाचं बघून घेऊ असं ठरवलं.

पहिला सामना अर्थातच देवणीशी, देवणीच्या मैदानावर. टेम्पोतून आम्ही सोळा जण गेलो. राजा मी, आणि आमच्या चाली सांगणाराही मीच. वजीर आमच्या खेळाच्या बुद्धप्रिया मॅडम, ज्या कबड्डीत विद्यापीठाकडून खेळलेल्या आहेत. देवणीच्या चाली मामा माईकवरून सांगणार होते आणि त्यांची वजीर होती माझी धाकटी मेहुणी साक्षी, लातूरला नर्सिंग शिकणारी.

दहाव्या चालीपर्यंत आमचे सहा जण बाहेर बसून पाणी पीत होते. देवणीची माणसं तलवार चालवत नव्हती, धुणं बडवावं तशी बडवत होती. तेवढ्यात माईकवरून आवाज आला, "हत्ती सरळ म्होरं. शह." हत्ती म्हणजे भागवत. तो चालत येऊन माझ्यासमोर उभा राहिला आणि मला ऊन दिसेनासं झालं. मी डोळे मिटले आणि तलवार फिरवली. एक, दोन, तीन. डोळे उघडले तर भागवत म्हणत होता, "लई जोरात लागलं, दाजी." मी दंडावर मारलं होतं, तो मांडी चोळत बाहेर गेला.

मला वाटलं, आपल्या मनगटात काहीतरी आहे.

मग त्यांचा घोडा आला, तोही गेला. मग मी थांबलोच नाही. राजा बाहेर काढायचा नाही, हे मी वर्गात पहिल्या दिवशी शिकवतो. इथं मीच राजा घेऊन एकेक घर पुढं निघालो आणि एकामागून एक चार प्यादी गारद केली. लोक टाळ्या वाजवत होते. बायको उज्वला पदरात तोंड लपवून हलत होती. तिला भरून आलंय असं मला वाटलं.

शेजारच्या घरात आमच्या वजीर उभ्या होत्या. बुद्धप्रिया मॅडम हळूच म्हणाल्या, "सर, तुमी इथले जावई हायत ना?"

"हो. का?"

"मग तुमाला कोण मारंल? तो घोडा लढायच्या आधी तुमच्या पाया पडला. तुमी बघितलं न्हाई का?"

मी बघितलं होतं. त्याचा तोल गेला असं समजलो होतो. आणि तिथंच, देवणीच्या भर मैदानात, मला अकरा दिवाळ्या आठवल्या. तेहतीस डाव. मामा प्रत्येक चालीला एवढा वेळ हनुवटी का खाजवायचे, ते त्या क्षणी कळलं. मला भयंकर लाज वाटली. कान तापले.

"मामा," मी ओरडलो, "मला जावई म्हणून खेळवू नका. मारायला सांगा."

"असं कसं, जावईबापू," माईक म्हणाला. "गावाच्या जावयावर हात उचलायचा का आमी?" सगळं मैदान मान डोलवत होतं. माझ्या समोरच्या प्याद्यानं तर हात पाठीमागं बांधले.

तेव्हा साक्षी तिच्या घरातून वडिलांना म्हणाली, "आबा, मेहुणीनं दाजीचे बूट लपवलेले चालतंय. मग तलवार का न्हाई चालत?"

माईक खरखरला. मग म्हणाला, "वजीर तिरका. खेळ."

मी खरंच लढलो. पाय रोवले, तलवार आडवी धरली, डोळे उघडे ठेवले. पहिला फटका खांद्यावर बसला, दुसरा पोटावर, तिसरा कानावर. माझी तलवार तोवर कमरेच्या वर आली नव्हती. मी खाली बसलो आणि डाव संपला.

मामा माईक हातात धरूनच धावत आले. कान बघितला, साक्षीला बर्फ आणायला पाठवलं.

मी विचारलं, "मामा, दिवाळीला तुम्ही मुद्दाम हरता ना?"

मामांनी इकडंतिकडं बघितलं. माईक बंद करायचं त्यांच्या ध्यानात नव्हतं. "आता इचारलंच हाय तर सांगतो," त्यांचा आवाज मैदानभर घुमला. "तुमच्यापुढं हरायला मला लई डोकं लावावं लागतंय, जावईबापू. तुमी घोडा उगं नाचवता. वजीर आधीच बाहेर काढून बसता."

लोक हसले. उज्वला सगळ्यांत मोठ्यानं हसली. मला वाईट वाटलं, आणि बरंही वाटलं.

मी कानावर बर्फ दाबून म्हटलं, "अजून काय चुकतं?"

मामांनी खुर्ची ओढली. चहा दोनदा झाला तरी त्यांचं संपलं नव्हतं.