पाहुणचाराचं बटण

संगणकावरचे खेळ बनवणाऱ्या त्या ऑफिसात तिला मापारीण म्हणत. खेळात कोणाच्या पारड्यात काय जास्त पडतंय, हे तिच्या नजरेतून सुटत नसे. पण स्वतःच्याच पारड्यापुढे तिने हात टेकले होते.

खेळ राज्यांचा, आळीपाळीने खेळायचा. जिंकायला वाटा दोन: लढाईची आणि संस्कृतीची. गायक, कवी, नट जमवा, रंगमंच बांधा, आणि कीर्ती हजारावर गेली की डाव तुमचा. ही दुसरी वाट मापारणीची, दोन वर्षं खपून घडवलेली. चाचणीच्या वीस डावांपैकी सतरा त्याच वाटेने संपले. बाकीचे खेळाडू सैन्य सजवत बसले आणि हरल्यावरच जागे झाले. तिने रंगमंच महाग केले, तर त्या वाटेला कोणी फिरकेना.

मालक म्हणाले, "शनिवारपर्यंत तोल साध, नाहीतर संस्कृती कापून टाकू. लढाई पुरे आहे."

घरी तिने वडिलांना खेळायला बसवलं. ते सुतार, नाटकांचे देखावे उभारण्यात जन्म गेलेला. लढाईत त्यांना काडीचा रस नव्हता. समोरच्या राज्याची कीर्ती नऊशेवर गेली, तसे ते बटणं धुंडाळू लागले.

"काय शोधताय, बाबा?"

"त्यांची ती गायिका. तिला आपल्याकडे बोलवायचं कुठून?"

"तसं बटण नाही."

"मारामारीची चौदा बटणं, आणि पाहुणचाराचं एक नाही? कोणी गं बनवला हा खेळ?"

"मी."

"मग वाढव की! आणि हे बघ, रंगमंच नसेल त्याच्याकडे कलावंत जात नाही. आमच्या वेळी तरी जात नव्हते."

ती तिथेच कामाला लागली. आमंत्रण दिलेला कलावंत दहा खेळ्या पाहुणा राहणार, तोवर त्याची कीर्ती यजमानाची. यजमानाकडे रंगमंच मात्र हवाच. शिवाय कोणाचीही कीर्ती आठशेला पोचली की सगळ्यांना वर्दी.

शनिवारी पुन्हा वीस डाव झाले. संस्कृती नऊ, लढाई अकरा. मालकांचा विश्वास बसेना. ते स्वतः संस्कृतीच्या वाटेने खेळायला बसले. समोर ऑफिसातला 'सेनापती', ज्याने जन्मात तलवारीखेरीज काही बांधलं नव्हतं. वर्दी मिळताच गडी हादरला. शिव्या घालत त्याने रंगमंच उभारला, आणि मालक नऊशे नव्वदवर असताना त्यांचा कवी पाहुणा म्हणून उचलला.

"अरे, माझा कवी!" मालक खुर्चीतून उठले.

"चार दिवस राहू द्या की आमच्याकडे," सेनापती म्हणाला. "फार छान म्हणतो."

सगळे हसले. मालकही हसले, मग मापारणीकडे वळले. "राहू दे तुझी संस्कृती. आता बस समोर, हा कवी परत कसा आणायचा ते दाखव मला."

"ते शोधायला तर खेळ आहे, साहेब," ती म्हणाली आणि ताठ मानेने बाहेर जाऊन तिने वडिलांना फोन लावला.

"बाबा, वाट राहिली."

"राहणारच. मुलगी कोणाची?"

"आणि बटण कोणाचं, ते नाही विचारलंत?"

"ते काय विचारायचं," म्हातारा म्हणाला, "शेजारच्या तिघांना सांगून झालंय."